सोमवारचा पेपर

भूकंपाच्या साली आम्ही मुखेड सोडलं. लातूरकडून येणाऱ्या एसटीतून माणसं गाठोडी घेऊन उतरत होती, आणि तुमच्या आजोबांची लातूरला बदली झाली म्हणून आम्ही ट्रंका घेऊन उलट्या दिशेच्या गाडीत चढत होतो. पोचवायला माझे वडील आले होते. ते मिशनच्या शाळेत मास्तर, आणि चर्चची घंटाही तेच वाजवत. खिडकीपाशी येऊन म्हणाले, "लई मोठं गाव हाय, बाई. बाकी काय बी कर, रविवार संभाळ." तुमची आई रोहिणी तेव्हा लहान होती, माझ्या मांडीवर.

मुखेडला रविवार संभाळणं, म्हणजे कामं बंद ठेवून तो दिवस देवाला देणं, कठीण नव्हतं. ख्रिस्ती घरं मोजकीच. रविवारी कोणी दळण घेऊन निघालं तरी दुपारपर्यंत सगळ्यांना कळायचं. त्यात देवाचं भय किती आणि शेजारणीचं किती, हे मी तेव्हा तपासलं नाही.

लातूरच्या चर्चमध्ये एक वडीलधारे होते, सगळे त्यांना काका म्हणत. गावागावांत ढिगाऱ्याखालून माणसं निघत होती आणि काका पक्क्या भिंतींच्या चर्चमध्ये उभे राहून सांगत होते, की लोकांनी देवाच्या आज्ञा मोडल्या म्हणून हे झालं. त्यांच्या घरी टीव्हीच्या वर सोनेरी फ्रेममध्ये दहा आज्ञा टांगलेल्या. पाहुण्याने त्या वाचल्याशिवाय चहा येत नसे.

पुढे क्लासेसचा सुकाळ आला. पडलेल्या भिंतींच्या जागी होस्टेलं उभी राहिली, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी बॅच, रँक आणि टेस्ट. टेस्ट रविवारी सकाळी, ऐन उपासनेच्या वेळी. काकांचा नातू रोहिणीच्याच वर्गात होता. काकांनी सभा बोलावली आणि उपासना शनिवारी संध्याकाळी नेण्याचा ठराव मांडला. "देवाला समदे वार सारखेच हायेत. मेडिकलची सीट एकदाच येते." हात वर झाले. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनीही मान डोलावली. देवाचा वार पवित्र पाळावा ही चौथी आज्ञा अशी बहुमताने रद्द झाली. भिंतीवरची फ्रेम मात्र कोणी उतरवली नाही.

रोहिणीची दहावी झाली तेव्हा पहिल्या बॅचची निवड एकाच टेस्टवर होती. पहिल्या बॅचची मुलं डॉक्टर होत, असं लातूरभर मानलं जाई. रोहिणीला डॉक्टरच व्हायचं होतं. तरी ती म्हणाली, "रविवारी मी जाणार नाही."

आजोबा म्हणाले, "अगं, एकच रविवार आहे."

"एकच कुठला, पप्पा? पुढच्या दोन वर्षांचे सगळे आहेत."

काका समजूत घालायला आले. "पोरी, आईबापाचं ऐकावं ही बी दहातलीच आज्ञा हाय की."

"मग आईचं ऐकते, काका," ती म्हणाली. मी तोवर तोंडही उघडलं नव्हतं.

शुक्रवारी आम्ही दोघी क्लासच्या सरांना भेटायला गेलो. मी रात्रभर मनात भाषण जुळवलं होतं. ते निम्मंही झालं नाही तोच सर म्हणाले, "सोमवारी येऊ द्या तिला. दुसरा पेपर देतो." "असं चालतं?" मी विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, शुक्रवारी मुसलमान पोरं नमाजाला जातेत, त्यांचा तास आम्ही संध्याकाळी घेऊन राहिलो. त्यांचे अब्बा येऊन बोलले होते. तुमच्या लोकांपैकी तर आजवर कोणी इचारलंच न्हाई."

कोणी विचारलंच नाही. आपल्यावर कोणी जुलूम केला असता तर त्यात निदान थोडी अब्रू होती. इथे कोणी न मागताच आपणच सगळं देऊन टाकलं होतं, आणि वर त्याला व्यवहार म्हणत होतो.

त्या रविवारी चर्चला कुलूप होतं. आम्ही पायरीवर बसून प्रार्थना केली. थोड्या वेळाने आजोबाही येऊन बसले. सोमवारी रोहिणीने रिकाम्या वर्गात एकटीने पेपर दिला, मी बाहेर बाकावर होते. पेपर अवघड नव्हता. तिला भौतिकशास्त्र जमलं नाही आणि ती दुसऱ्या बॅचला गेली. काकांचा नातू पहिल्या. काका पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "प्रभूची इच्छा." तिसरी आज्ञा देवाचं नाव उगाच घेऊ नये अशी आहे. मी पेढा घेतला नाही.

तुमची आई डॉक्टर का झाली नाही, हे तिने तुम्हाला सांगितलं नसेल. ती औषधशास्त्र शिकली, तिकडे परदेशात गेली, आणि हळहळताना मी तिला पाहिलेलं नाही. आज्ञा पाळली की बक्षीस मिळतं असं शिकवणाऱ्यांपासून लांब राहा. ते देवाला क्लासवाला समजतात.

आता तुमचं. फुटबॉलचा कोच रविवारी सकाळी बोलावतो म्हणून तुम्ही उपासना नंतर मोबाइलवर बघता, दूध-सीरियल खाता खाता. उपासना बघायची गोष्ट केव्हा झाली, कळवा. वार बदलायला कोचला विचारलंत का?

तुम्ही म्हणता, आजी, मुखेडचं घर राहिलं नाही, लातूरला तुझं कोण आहे, इकडे ये. मुखेडला मी आज्ञा पाळत होते, कारण सगळेच पाळत. लातूरला त्या पायरीवर आणि मग त्या बाकावर बसून मी पहिल्यांदा माझ्या मनाने पाळली, आणि ती किती महाग आहे हे माहीत असताना पाळली. त्या सोमवारपासून माझं घर हेच आहे.