जवाबी कार्डांवरची स्तुती

नागपूर अजून राजधानी होतं, तेव्हाची गोष्ट. माझी थोरली मुलगी एमबीबीएस झाली आणि दोन दवाखान्यांनी तिला हाऊस सर्जन म्हणून घ्यायची तयारी दाखवली. एक मोठ्या शहरातला, नावाजलेला; दुसरा लहान, तालुक्याच्या गावचा. होकार शनिवारपर्यंत तारेनं कळवायचा होता. तिला बाळंतपणाची ऑपरेशनं शिकायची होती. जागा चुकली असती तर वर्ष वाया जाणार होतं.

उत्तर हमखास यावं म्हणून मी दोन्हीकडच्या हाऊस सर्जनांना जवाबी कार्डं, म्हणजे उत्तराचं कोरं कार्ड जोडलेली, पाठवली होती. मोठ्या दवाखान्यात पाच, लहान दवाखान्यात दोन. सातही परत आली. मोठ्या दवाखान्यातली पाचही स्तुतीनं भरलेली. लहान दवाखान्यातली दोन्ही कुरकुरीची: विहीर उन्हाळ्यात आटते, जेवण वाईट, मोठे डॉक्टर तापट. मी रकाने आखून गुण दिले, बेरीज दोनदा तपासली. मोठा दवाखाना बराच पुढे होता.

गुरुवारी मुलगी घरी आली. कार्डं वाचून तिनं विचारलं, "बाबा, पत्ता कोनता टाकला होता?"

दवाखान्याचाच, मी म्हणालो. दुसरा मला कुठून माहीत असणार?

"तिथली डाक ऑफिसातून जाते. उघडं कार्ड साहेब वाचत नाई का?"

बेरीज बरोबर होती, पण बेरजेला घेतलेले आकडेच कच्चे होते. हातात दोन दिवस उरले होते.

पाचांतला एक मुलगा देवळीचा होता. तिथं आठ महिने झाल्याचं आणि बहिणीच्या लग्नासाठी घरी येणार असल्याचं त्यानं कार्डावर लिहिलं होतं. शुक्रवारी रजा टाकून मी देवळीची मोटार धरली. दारात मांडव पडत होता. त्यानं चहा दिला आणि कार्डावरचीच स्तुती पुन्हा ऐकवली. मत नको, म्हटलं. आठ महिन्यांत स्वतःच्या हातानं किती ऑपरेशनं केली, तेवढं सांगा.

त्यानं मांडवाकडं पाहिलं.

"एकबी नाई, काका. टाके घातले, बस. पन माझं नाव घेऊ नका. मले सर्टिफिकेट मिळाचं हाये अजून."

लहान दवाखान्याची कार्डं परतीच्या मोटारीत पुन्हा वाचली. एकाच्या तळाशी, कुरकुरीनंतर, बारीक अक्षरात होतं: सहा महिन्यांत अकरा, मोठे डॉक्टर शेजारी उभे असताना. या ओळीला मी रकानाच ठेवला नव्हता.

घरी मुलीला दोन आकडे सांगितले. पहिला कोणी दिला, तिनं विचारलं. मी सांगितलं नाही. ती म्हणाली, "पान्याचं पाहू मंग."

शनिवारी सकाळी लहान दवाखान्याला होकाराची तार केली. मोठ्या दवाखान्याला नकार पत्रानं कळवायचा होता आणि कारण द्यावं लागणार होतं. खरं लिहिलं असतं तर साहेबानं देवळीच्या मुलाला लगेच ओळखलं असतं. मी 'घरची अडचण' असं लिहिलं, दवाखान्याच्या लौकिकाबद्दल दोन चांगली वाक्यं जोडली आणि पाकीट टपालात टाकलं.