ताईचं संशोधन काकूंच्या अंगणात सांडलं

मंडळी, आज सकाळी राळेगावच्या घरून ताईनं संशोधकाच्या नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत दिली. डेंग्यू कसा पसरतो याचं गणित मांडणारी माही मोठी बहीण. मुलाखत झाली अन् ती तोंड पाडून बसली.

"तुमचे लेख किती जणांनी वापरले, तेच विचारून राह्यले होते. मी काय सांगू?"

तेवढ्यात शेजारच्या काकू तणतणत आल्या. "तुह्या मायले आवर वं! माह्या कूलरचं पाणी पुन्हा अंगणात ओतलं तिनं!"

उन्हाळा सरला तरी आपल्याकडे कूलर खिडकीतच राहतो, टाकीत पाणी तसंच. ताईनं एकदा आईले समजावलं होतं, की एका टाकीतले डास अख्खी गल्ली तापानं पाडतात. तेव्हापासून आई दर शुक्रवारी गल्लीतले कूलर रिकामे करते. कोणाले विचारत नाही.

मागून आई आली, साडी ओली. "माह्या पोरीनं सांगितलं तेच केलं. आला का कोणाले डेंग्यू यंदा?"

"नाही आला. पण इचारून तं करत जा!"

ताई हसता हसता रडली.

न आलेला ताप कोणत्या आकड्यात मोजतात, मले माहीत नाही. तुमच्या कूलरातलं पाणी काढलं का? नसेल तर सांगा, आईले पाठवतो.