सगळ्यांच्या मागे

वैशाखातल्या संध्याकाळी आम्ही टेकडीवर करवंदं खायला जायचो, तेव्हा हे नेहमी सगळ्यांच्या मागे चालत, हातातली काठी दगडांवर आपटत. ते गेल्यानंतर काल पहिल्यांदाच गेलो. पुढे मुलगी, मध्ये सासूबाई, आणि मागे ती काठी घेऊन मी.

उतरताना अंधारून आलं. पायवाट अरुंद, दोन्हीकडे करवंदीच्या जाळ्या. माझ्या पाठीमागे वाळलेली पानं वाजली. मी थांबले, तसा तो आवाजही थांबला. मान वळवायचं धाडस होईना. इतकी वर्षं माझ्यामागे कुणीतरी असायचं, म्हणून पाठीमागे एवढा अंधार असतो हे मला ठाऊकच नव्हतं.

"काठी वाजव गं," सासूबाई म्हणाल्या. "तोही घाबरायचा, म्हणून तर एवढी आपटायचा."

"बाबा? घाबरायचे?" मुलगी हसली.

"लहानपणापासून भित्री भागूबाई. पण सगळ्यात शेवटी कुणी चालायचं म्हटलं, की हाच."

मी काठी आपटली. पुढे मुलगी ओंजळीतली करवंदं खात, आजीला बिया दाखवत रमतगमत उतरत होती. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.