दोन मापांचे सिलिंडर

“हात गेला माझा. लेथ देऊन टाकतो,” मामा शेडमध्ये मामीला सांगत होते.

मी दारात चपला काढत होते. साताऱ्याहून माधवनगरला नुकतीच पोहोचले होते आणि मी आल्याचं अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

“आवं, एवढ्याशा इंजिनापायी?” मामी म्हणाली.

“एवढंसं म्हणूनच. मोठ्या कामात चूक लपती. ह्यात लपत न्हाई.”

आत जाऊन मी मामीच्या हातात पिशवी दिली. मामांनी ‘आलीस व्हय’ म्हणून कपाळाचा घाम पुसला. टेबलावर ते इंजिन होतं, हातभर लांब, काळं. गेली दोन वर्षं ते त्याच्यामागे होते.

मामा पंपाच्या कारखान्यात टर्नर होते. ते निवृत्त झाले त्या सुमारास कारखान्याने जुनी पुस्तकं भंगारात काढली. त्यांतलं यंत्रांचं एक जाडजूड जर्मन पुस्तक त्यांनी उचलून आणलं. शेवटी घडी घातलेला एक नकाशा होता, मालगाडीच्या वाफेच्या इंजिनाचा. अक्षर वाचता येत नसलं तरी मापं वाचता येतात, असं ते म्हणायचे. लोखंड कातायचा एक जुना लेथ त्यांनी आधीच घेऊन ठेवला होता. बिडाचं कास्टिंग पलूसच्या एका फाउंड्रीतून ओतून आणलं.

एका ठिकाणी मात्र ते अडले. नकाशात दोन बाजूंचे दोन सिलिंडर वेगवेगळ्या मापांचे होते. तेव्हा मी सुट्टीला इथेच आले होते, मामांनी मला हाक मारली.

“हे बघ गं. एक पाय हत्तीचा, एक बकरीचा. असं असतंय व्हय? खाली काय लिवलंय, वाच की जरा.”

खाली चार ओळींची टीप होती, जुन्या वळणाच्या जाड काळ्या अक्षरांत. मला जर्मनचा एक शब्द येत नाही. पण आमच्या घरात इंग्रजी शाळेत गेलेली मी एकटीच, आणि परदेशातलं जे काही असेल ते मला येतं, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. औषधाच्या बाटलीपासून मिक्सरच्या पुस्तिकेपर्यंत सगळं माझ्याकडे येतं. मराठी बोलताना मी अडखळते, त्याची भरपाई मी अशा कामांतून करत आले. शेजारचे एक काका चहा पीत बसले होते. मामा त्यांना म्हणाले, “आमची भाची वाचती सगळं.”

भाषांतर मिळेल म्हणून मी फोनने टिपेसकट नकाशाचा फोटो काढला. फोनला ती अक्षरं ओळखता येईनात, काहीतरी भलतंच आलं. तरी मी थोडा वेळ वाचल्यासारखं केलं आणि म्हणाले, “छपाईची चूक असेल. दोन्ही सारखेच करा.”

मामांनी मान हलवली. त्यांनी एकदाही उलटून विचारलं नाही.

दोन्ही सिलिंडर सारखे झाले. वाफेऐवजी कंप्रेसरची हवा दिली की इंजिन एक हिसका द्यायचं, अर्धा फेरा फिरायचं आणि थांबायचं. मामांनी पिस्टन पुन्हा केले. झडपा पुन्हा घासल्या. चष्म्याचा नंबर तपासून आणला. फोनवर आई सांगायची, मामांचं चित्त ठिकाणावर नाही. मी ‘हो का’ म्हणायचे.

महिन्याभरापूर्वी, साताऱ्यात, फोनमधल्या नकाशाच्या फोटोवरून ती टीप मी एकेक अक्षर जुळवून टाइप केली आणि फोनकडून भाषांतर करून घेतलं. हे का केलं, ते आता सांगता येत नाही. कदाचित मला आधीच कळलं होतं. टीप साधी होती. ह्या इंजिनात वाफ दोनदा वापरतात. बॉयलरची जोरकस वाफ आधी लहान सिलिंडरमध्ये जाते, आणि तिथून बाहेर पडलेली, जोर ओसरलेली वाफ मोठ्यात. मोठा पिस्टन रुंद असतो म्हणून कमी जोराच्या वाफेनेही तेवढंच ढकलतो. मापं वेगळीच हवीत, सारखी केली तर इंजिन अडणारच.

मी फोन उलटा ठेवला. मामांना सांगायला फार तर दोन वाक्यं लागली असती. त्याऐवजी मी महिनाभर त्यांचा फोन आला की आंघोळीला जात होते.

दुपारी मोटारसायकलवरून लेथ बघायला एकजण आला. पलूसला त्याचं छोटं वर्कशॉप होतं. त्याने लेथचा काम पकडणारा चक फिरवून पाहिला, खालच्या लोखंडी बेडवरून बोट फिरवलं.

“मिस्त्री, मशीन तर लय निगुतीनं ठेवलंय. मग देताय कशाला?”

“आता सिलिंडरचं आतलं बोअर एका मापात येईना माझ्याच्यानं,” मामा म्हणाले. “हे बघा. दोन सिलिंडर, एवढं साधं काम. चालंना.”

त्याने खिशातून मापायचा व्हर्नियर काढला, वाकून दोन्ही सिलिंडर मोजले, पुन्हा मोजले. “मापात तर केसाचाबी फरक न्हाई, मिस्त्री.”

“मग मलाच दिसत नसंल,” मामा हसले. परक्या माणसासमोर हसतात तसं. मामी चहाचे कप घेऊन आली होती, तिने खाली बघितलं. मामा लेथवरचं फडकं काढून घडी करू लागले. चार पदरी घडी करून ती त्यांनी त्या माणसापुढे धरली, मशीनबरोबर हेही न्या म्हणून.

माझा आवाज मुळातच बारीक आहे. पहिल्यांदा बोलले ते कुणाला ऐकूच गेलं नाही. मामी म्हणाली, “काय गं?”

मी पुन्हा म्हणाले, “मामा, लेथ देऊ नका. नकाशा बरोबर होता, तुमचा हातही बरोबर आहे. मला जर्मन येत नाही. वाचलं असं मी खोटं सांगितलं, आणि महिनाभर माहीत असून गप्प बसले.”