कानिटकरांचं ‘ओन्ली’

शाळेत किस्से साठायला वेळ लागत नाही. मधल्या सुट्टीत एक मास्तर सांगतो, दुसरा तिखटमीठ लावतो. लढाईच्या वर्षांत आमच्या सातारा जिल्ह्यातल्या शाळेत साठलेले बहुतेक किस्से कानिटकर मास्तरांचे. हसत सांगायला घेतो, पण हल्ली मलाच हसू येत नाही.

*

कानिटकर इंग्रजीचे मास्तर. फळ्यावर वाक्य लिहून ‘ओन्ली’ हा शब्द पुढेमागे सरकवायचे. ‘ओन्ली आय सॉ हिम’ म्हणजे मीच त्याला पाहिलं. ‘आय सॉ ओन्ली हिम’ म्हणजे मी त्यालाच पाहिलं. “शब्द तेच, जागा बदलली की सगळं बदललं!” हे इतक्या मोठ्यानं ओरडायचे, की व्हरांड्यात पाणी भरणाऱ्या हौसाबाईलाही ते पाठ झालं होतं. तिचा नवरा ब्रह्मदेशात लढाईवर. चार महिने त्याचं पत्र नव्हतं, आणि बिचारी रोज पोस्टमनची वाट बघायची.

*

हेडमास्तरांनी फक्त शिक्षकांसाठी राखलेल्या पाण्यापाशी पाटी लावली, ‘टीचर्स मे ओन्ली ड्रिंक हिअर’. कानिटकर म्हणाले, “म्हणजे शिक्षकांनी इथं नुसतं प्यायचं? मग शिकवायचं कुठं?”

हेडमास्तर लालबुंद! “कानिटकर, इंग्रजी मुलांना शिकवा, मला नको!”

पाटी मात्र दुसऱ्या दिवशी गायब.

*

गावात इंग्रजी कागद आला की तो कानिटकरांकडेच यायचा. एकदा पेन्शनीतले सुभेदार लढाईवरच्या मुलाच्या साहेबाचं पत्र घेऊन आले.

“मुलाला ओन्ली ताप आहे,” कानिटकरांनी वाचलं.

“आवं, नीट बगा. त्यो वन्ली तापालाच लागतोय न्हवं?”

“तापालाच, सुभेदार. दुसरं काही नाही.”

म्हातारा तिथंच बाकावर बसला आणि पोरांदेखत ढसाढसा रडला. हौसाबाईनं त्यांना पाणी दिलं.

*

मग हौसाबाईच्या नावाची तार आली. पोस्टमननं ती तिच्या हातात दिलीच नाही, थेट वर्गात आणली. मागोमाग ती, ओल्या हातांनी. आम्ही सगळे मास्तर दारात गोळा झालो.

कानिटकरांनी तार वाचली. चष्मा पुसून परत वाचली.

“हौसाबाई, तुमचे मालक लढाईत गेले हो.”

ती रडली नाही. तार घेऊन उलटसुलट बघितली, आणि परत मास्तरांपुढं धरली.

“शब्द हिकडचा तिकडं केला की समदं बदलतंय म्हंता न्हवं रोज? मग करा की, मास्तर. चार-पाच तर शब्द हायती!”