अळणी पाच दिवस

सुगंधाबाईची दोन लेकरं गेली तेव्हा गाव काय काय नाही बोललं! कोणी म्हणालं, बाईचा पायगुण वाईट. कोणी म्हणालं, माहेराहून काहीतरी हिच्या मागे लागून आलंय. अशा बोलणाऱ्यांच्या कानाखाली एकेक ठेवून द्यावी असं आजही वाटतं. पण करता काय? त्यातलं दुसरं बोलणं खरंच निघालं. आलं होतं ते माहेराहूनच, फक्त ते भूत नव्हतं.

गाव तापीकाठचं, गुजरांचं, सारंगखेड्याच्या अलीकडे. रतिलालभाईंची केळीची बाग होती, थोडा ऊस होता, घरात कशाची ददात नव्हती. सुगंधाबाई त्यांची बायको. थोरला चुनीलाल दिवसभर नदीत डुंबणारा पोरगा. एका चैत्रात त्यानं दरडीवरून सूर मारला आणि वर आला तो पालथाच. पाणी कमरेएवढं. काठावर आणून उलटा धरला, पोट दाबलं, पण घोटभरसुद्धा पाणी निघालं नाही. सासू तापीबाई कपाळ बडवत म्हणाली, "तापीमायनी मांगं अन् लिधं. आपलं काय चाली?"

"मन्हा पोऱ्यानं पोट देखं का कोनी?" सुगंधाबाई ओरडली. "त्यामा पानी नव्हतं!"

आईचं कोण ऐकतं त्या वेळी? पुढे मधली पोरगी अंगणात शिवाशिवी खेळता खेळता पडली, ती पडलीच. अंगणात काही नदी नव्हती, तेव्हा सगळ्यांनी त्याला फेफरं म्हटलं. आणि त्याच्याही आधी, सुगंधाबाईचा भाऊ शांतीलाल वरातीच्या घोड्यावर बसला असताना मागे फटाक्यांची माळ कडाडली आणि हळदीच्या अंगानं तो खाली आला, त्याला लोकांनी ऊन लागलं म्हटलं. तीन मरणं, तीन नावं. ती एका माळेत ओवून बघावीत असं कोणालाही वाटलं नाही. सुगंधाबाईला वाटायचं, पण ओवायचा दोरा कोणता ते तिला कळत नव्हतं.

उरली धाकटी प्रमिला. गोरीपान, बडबडी, जरा हट्टी. ही राहिली पाहिजे, एवढ्या एका गोष्टीसाठी सुगंधाबाई सकाळी उठत होती. पोरगी विहिरीकडे गेली की हिच्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं.

पासष्ट सालच्या दत्तजयंतीला रतिलालभाई मायलेकींना आणि म्हाताऱ्या तापीबाईला सारंगखेड्याच्या यात्रेत घेऊन गेले. घोड्यांच्या बाजारात एक काळा घोडा प्रमिलेच्या अगदी पाठीशी खिंकाळून दोन पायांवर उभा राहिला. पोरगी दचकली, तिचे डोळे फिरले आणि ती धुळीत कोसळली. लगेच हा घोळका जमला! एकानं चप्पल नाकाला लावली, दुसरीनं कांदा फोडला, तापीबाईनं भांड्याच्या दुकानातली थाळी उचलून पोरीच्या कानाशी बडवायला सुरुवात केली. त्यांच्याकडे मूर्च्छा अशीच हाकलतात. प्रमिला उठून बसली, पाणी मागितलं. सगळे म्हणाले, देवानं लाज राखली. सुगंधाबाईनं मात्र पोरगी पडतानाचा चेहरा पाहिला होता. तो चुनीलालचा चेहरा होता, अंगणातल्या मधलीचा होता. दोऱ्याचं टोक तिच्या हाताला लागलं होतं.

"भगताकडे जायचं नाही," तिनं नवऱ्याला बजावलं. "दवाखान्यात चला, नाहीतर मी एकटी जाते."

तालुक्याच्या गावी नवलसिंग गिरासे नावाचा डॉक्टर नुकताच मुंबईहून शिकून आला होता. आजवरच्या सगळ्यांनी पोरगी पडल्यावर काय करते ते विचारलं होतं. तोंडाला फेस येतो का, हातपाय झाडते का, असलं. यानं वेगळंच विचारलं.

"पडायच्या आधी ती काय करत असते, ताई?"

सुगंधाबाई जी बोलायला लागली ती थांबेचना. घोडा सांगितला, शिवाशिवी सांगितली, नदीतला सूर सांगितला, भावाची वरात सांगितली. डॉक्टर मधेच उठला, त्यानं दार लोटून घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

त्यानं त्यांना धुळ्याला नेलं. तिथे मोठ्या दवाखान्यात हृदयाची पट्टी काढायचं यंत्र होतं. प्रमिलेच्या मनगटांना, पायांना तारा बांधल्या आणि यंत्रातून लांबच लांब कागद निघाला. त्यावर टोकदार सुळके होते आणि प्रत्येक सुळक्यानंतर एकेक बुटकं टेकाड.

"मोटेचा बैल पाणी ओढत धावेचा उतार उतरून जातो आणि मागे चालत परत वर येतो," डॉक्टर म्हणाला. "तो जागेवर येऊन उभा राहायच्या आत कोणी चाबूक मारला तर काय होईल?"

"पाय अडकतील. पडेल बैल," रतिलालभाई म्हणाले.

"हिच्या काळजाला परत यायला वेळ लागतो. हे टेकाड बघा, किती लांब गेलंय. पळणं, पोहणं, दचकणं म्हणजे चाबूक. ही मिरगी नाही. नदीचाही यात काही संबंध नाही. हे रक्तातून येतं, आईकडून नाहीतर बापाकडून. बाहेरच्या डॉक्टरांनी याच्यावर आत्ता आत्ता लिहिलंय."

सुगंधाबाई त्या कागदाकडे बघत राहिली. इतकी वर्षं ती नदीला शिव्या घालत आली होती. आता शिवी द्यायला आपल्या रक्ताशिवाय कोणी उरलं नाही, हे तिला तिथल्या तिथे कळलं आणि ती पदर तोंडात कोंबून रडली. तिचीही पट्टी काढू म्हणून डॉक्टर म्हणाला, पण ती म्हणाली, आधी पोरीचं बघा, माझं काय जळायचं राहिलंय!

मुंबईहून नवीन गोळ्या आल्या. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक. पळायचं नाही, पाण्यात उतरायचं नाही, कानाशी थाळी वाजवायची नाही. सुगंधाबाईनं ते सगळं देवाची आज्ञा मानून पाळलं. होळीला ढोल घुमले तेव्हा पोरीला मागच्या खोलीत घेऊन बसली. लग्नसराईत फटाके वाजायच्या आत घरी घेऊन आली. उन्हाळा सरला आणि प्रमिला एकदाही पडली नाही. गालांवर लाली आली, उलट बोलायला लागली. सुगंधाबाईला रात्री झोप लागायला लागली. मला विचाराल तर तिथेच घात झाला. भीती होती तोवर पोरगी सुरक्षित होती.

आषाढ लागला. गुजरांच्या घरच्या कुमारिका आषाढात देवीचं अळणी व्रत धरतात. टोपलीत गहू पेरून जवारे उगवायचे, पाच दिवस मिठाचा कण तोंडात घालायचा नाही, शेवटच्या रात्री जागरण आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जवारे नदीत सोडायचे. चांगला नवरा मिळावा म्हणून.

"माय, समद्या पोरी व्रत करी ऱ्हायन्या," प्रमिला हट्टाला पेटली. "मी एकलीच का बरं नही?"

सुगंधाबाईलाही वाटलं, का नाही? या पोरीला पुढे नवरा मिळेल, घर मिळेल, असा विचार करायचं धाडस तिला पहिल्यांदाच झालं होतं. ते धाडस तिला फार गोड लागलं.

गोळीचं तापीबाईनं काढलं. "पाच दिन मीठ नही, ना औषध नही. देवीनं आंग शे ते. बाटवू नको."

म्हातारी दुष्ट नव्हती हो. नातीवर तिचा जीव होता. आणि सुगंधाबाईचाही मनातून तोच कौल होता. डॉक्टरनं पळू नको सांगितलं, पोहू नको सांगितलं, पण व्रताचं त्यानं काही सांगितलं नव्हतं. इतके महिने गोळीनं सांभाळलं, पाच दिवस देवी सांभाळणार नाही का? विचारायला माणूस पाठवता आला असता. चिखलानं गाडीवाट बंद होती, तरी चालत जाता आलं असतं. तिला त्याची गरजच वाटली नाही. गोळ्यांची पुडी तिनं देवघरात जवाऱ्यांच्या टोपलीपाशी ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडून म्हणाली, माझ्या लेकीच्या वाट्याची तूच घे.

प्रमिलेनं व्रत मनापासून केलं. अळणी भाकरी, दूध, गूळ. चौथ्या दिवशी तिला गळून गेल्यासारखं झालं, पण तसं सगळ्याच पोरींना होतं. जागरणाला गाणी म्हणून म्हणून तिचा आवाज बसला. सकाळी नदीवर जाताना सुगंधाबाईनं तिचा हात घट्ट धरला होता. पाण्याजवळ जाऊच दिलं नाही, टोपली स्वतः नेऊन सोडली. तेवढ्यापुरता हात सुटला.

जवारे वाहून गेले की पोरी घाटावरून घराकडे पळत सुटतात. जी आधी पोचेल तिचा नवरा सगळ्यांत देखणा, अशी त्यांची आपसातली चेष्टा. सगळ्या खिदळत पळाल्या आणि प्रमिलाही पळाली.

"पमे! पयू नको!"

पोरगी मागे वळून हसली, आणखी चार पावलं गेली आणि पडली. म्हातारी थाळी घेऊन धावली. सुगंधाबाईनं ती हिसकावून फेकून दिली आणि लेकीचं डोकं मांडीवर घेतलं. या वेळी पोरगी उठून बसली नाही. पाणी मागितलं नाही.

तेराव्यानंतर सुगंधाबाई डॉक्टरकडे गेली.

"पाच दिवस गोळी दिली नाही," ती म्हणाली. "त्यानंच गेली का? खरं सांगा. माझी समजूत घालू नका."

नवलसिंग डॉक्टरचा चेहरा उतरला. "गोळी एकदम बंद झाली, अंगात मीठ नाही, अन्न नाही, त्यात जागरण. हो ताई. त्यानंच." मग तो खाली मान घालून म्हणाला, "मी इथलाच. आमच्या घरातही उपास-तापास होतात. तरी मला हे विचारायचं सुचलं नाही."

त्यानं या खेपेला तिची पट्टी काढून घेतली. टेकाड तसंच लांब होतं. सगळ्या लेकरांना ते देऊन ती स्वतः धडधाकट जिवंत राहिली होती. डॉक्टरनं तिला गोळ्या दिल्या आणि विचारलं, माहेरी आणखी कोण आहे? ब्राह्मणपुरीला धाकटी बहीण होती, रंजनाबाई. तिची मुलगी लग्नाच्या वयाची झाली होती.

सुगंधाबाई ब्राह्मणपुरीला गेली. बहिणीच्या ओट्यावर बसून तिनं सगळं सांगितलं, काही म्हणता काही झाकलं नाही. गोळी मीच बंद केली, म्हणून पोर गेली, असं स्वतःच्या तोंडानं म्हणाली. भाचीला एकदा धुळ्याला ने, नुसता कागद काढून बघ, म्हणून बहिणीच्या पाया पडली. भाची आतून ऐकत होती. मागच्या वर्षी झोक्यावर तिला भोवळ आली होती, हे दोघी बहिणींना माहीत होतं.

रंजनाबाई घाईघाईनं इकडे तिकडे बघत होती, शेजारणीच्या कानावर जाईल म्हणून. पोरीची सुपारी फुटली होती. सासरच्यांच्या कानावर काळजाचं दुखणं गेलं असतं तर तिला कोण नांदवणार होतं?

"तुन्ही पोरले त्या गोळ्यासनी खादं," ती हळू आवाजात म्हणाली. "सारा गाव सांगी ऱ्हायना. इलायती औषध देवीले चाललं नही. मन्ही पोरले काहीच नही व्हयनं. तू लगीन व्हयेपर्यंत आठे येऊ नको."

"मी तुझ्या पाया पडते, रंजे. घोड्याजवळ, फटाक्यांजवळ तरी—"

"ऊठ, बहिन."

सुगंधाबाई उठली. माघात भाचीचं लग्न झालं. तिला बोलावणं नव्हतं, पण नवरानवरीची वरात शहाद्याच्या रस्त्यानं जाणार हे तिला कळलं होतं. ती सकाळपासून रस्त्याच्या कडेला बाभळीखाली जाऊन बसली. वाजंत्री जवळ आली तशी ती वरातीत शिरली आणि फटाक्यांची माळ हातात घेतलेल्या माणसाचे हात तिनं दोन्ही हातांनी धरले. लोकांनी तिला ओढून बाजूला काढलं. पोरं गेली तशी बाईचं डोकं फिरलंय, असं रतिलालभाईंना बोलावून सांगितलं, आणि माळ पेटवली.