शांत जागेचा माणूस

रस्त्यावरून जड डंपर गेला की काका बोलणं अर्धवट सोडून भिंतीला तळहात लावायचे. क्षणभर थांबून म्हणायचे, "गाडीच आहे." आपल्याला शंकाही आलेली नसायची.

एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या इमारतीत, समोरच्याच घरात ते एकटे राहत. सगळी नोकरी भूकंपमापन केंद्रांवर झालेली. अशी केंद्रं तुम्ही पाहिली नसतील. भूगोल शिकवत असूनही मी पाहिलेली नाहीत. ती मुद्दाम वस्तीपासून लांब बांधतात, कारण यंत्र इतकं हळवं असतं की जवळून चालणाऱ्या माणसाची पावलंही नोंदीत उतरतात. काकांची बायको एक पावसाळा तसल्या माळावर राहिली आणि माहेरी गेली ती गेलीच. "तिचं चुकलं नाही," ते मला म्हणाले होते. "माणसांचा आवाज म्हणजे आमच्या यंत्राला गोंगाट. मलाही हळूहळू तसंच वाटायला लागलं असणार."

निवृत्तीनंतर त्यांनी गजबजलेली जागा शोधून घेतली. माणसं हवी होती, पण त्यांच्याशी बोलायचं काय ते ठाऊक नव्हतं. लिफ्टमध्ये कोणी "कसे आहात?" विचारलं तर ते खरोखर विचार करत बसायचे, तोवर विचारणारा आपल्या मजल्यावर उतरून गेलेला असायचा. गणपतीत आरती संपली की कोणी न सांगता खुर्च्या रचायला लागायचे.

मी त्यांना एकदा शाळेत बोलावलं. त्यांनी मुलांना खांद्याला खांदा लावून उभं केलं आणि टोकाच्या मुलीला हलकेच ढकललं. धक्का रांगेतून सरसर सरकत गेला. "ही पहिली लाट. वेगात येते, फार काही पाडत नाही." मग सगळ्यांना हात धरायला लावून रांग आडवी डोलवली. "ही मागून येते. घरं पडतात ती बहुतेक हिच्यामुळे." दुसरी लाट पहिलीच्या किती मागून आली यावरून भूकंप किती लांब झाला ते कळतं, हे सांगेपर्यंत निम्मी रांग हसून जमिनीवर लोळत होती. काकाही हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढे डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले. आमच्या दोन्ही घरी स्वयंपाक करणाऱ्या यमुनाचं माहेर तिकडच्या एका पाड्यावर. जमिनीतून सुरुंग उडाल्यासारखा आवाज येई, भांडी पडत, भिंतींना चिरा जात. ऐन थंडीत लोक अंगणात ताडपत्रीखाली निजू लागले. यमुनानं काकांना विचारलं, "काका, मोठा कधी येनार?"

"ते कोणालाच सांगता येत नाही, यमुना. घर कसं हलेल ते सांगता येईल. मी येऊन बघू का?"

एका दिवसासाठी गेलेले काका तिकडेच राहिले. माळ्यावरची धान्याची जड कणगी त्यांनी खाली उतरवायला लावली, झोपायच्या जागा चिरलेल्या भिंतींपासून दूर नेल्या. नवं घर बांधाल तेव्हा दारांच्या वर चारी भिंतींतून काँक्रीटचा सलग पट्टा फिरवा, हे ते दारोदार सांगत. एवढं शिकून मोठा धक्का कधी येणार ते कसं सांगता येत नाही, म्हणून एक जण त्यांच्यावर चिडला. काका "नाही सांगता येत" म्हणाले आणि त्याच्याच शेजारी बसून राहिले.

अधूनमधून मला फोन करत. मागे शेळ्या, रडणारं पोर, कोणाचा तरी खोकला. "ऐकू येतंय ना सगळं?" ते विचारायचे. त्यांना तो गोंगाट मला ऐकवायचा होता.

मग धक्के विरळ झाले. लोक घरात गेले, ताडपत्र्या निघाल्या, काका परत आले. थांबलं ते बरं झालं, असं मी म्हणाले.

"बरंच झालं," ते म्हणाले. चहाचा कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "पण मला वाईट वाटलं हो. असं वाटायला नको ना?"

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

यमुनाची आई तिच्याकरवी सारखी बोलावणं पाठवायची. ती माणसं भिडस्त आहेत, म्हणून बोलावतात, असं म्हणून काका टाळायचे. हळूहळू दारही कमी उघडू लागलं. एका पावसाळी दुपारी खुर्चीतच गेले. नागपूरहून पुतण्या आला, सगळं रीतसर केलं आणि घर रिकामं करू लागला.

शेवटच्या दिवशी यमुनाची आई आली. निरोप तिला उशिरा पोचला होता. मोकळ्या खोलीत ती जमिनीवर बसली. पुतण्यानं काकांची आठवण म्हणून काहीतरी घ्या म्हटलं, तर तिनं नको म्हणून मान हलवली. मग माझ्याकडे वळली.

"घर बांधलं, बाई. त्यांनी सांगितला तसा पट्टा टाकला. पडवीत त्यांना निजायपुरती जागा सोडलीय. पोरं तिथं खेलतात, पन निजत कोनी नाय."